कचरणं, नाखुशी, आढेवेढे: इंग्रजीतला नेमका शब्द कसा निवडावा

इंग्रजी शिकताना एक टप्पा असा येतो की शब्द पुरेसे झालेले असतात, पण त्यांतला कुठला कुठे वापरायचा ते उमगत नाही. शब्दकोश उघडावा तर ‘रिलक्टंट’ म्हणजे नाखूश, ‘लोथ’ म्हणजे नाखूश, ‘डिसइन्क्लाइन्ड’ म्हणजेही नाखूश. ‘हेझिटेट’ म्हणजे कचरणे, ‘वेव्हर’ म्हणजे कचरणे, ‘फॉल्टर’ म्हणजेही तेच. हे अर्थ चुकीचे नाहीत. ते फक्त अर्ध्यावर थांबलेले आहेत.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून हा प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. शब्दांना प्रश्न विचारायचे, हा त्यापेक्षा कामाचा उपाय आहे. माणूस थांबलाय की त्याला मुळात नकोय? निर्णयाच्या आधी थांबलाय की नंतर? भीतीने, लाजेने, तत्त्वाने की आळसाने? तोंडाने काही बोलतोय की नुसते पाय घासतोय? एकेक प्रश्न घेऊ. इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत म्हणजे उच्चारही बरोबर बसेल. स्पेलिंग कोशात बघून घ्या; जिथे ते फसवं आहे तिथे सांगतो.

पायरी १: थांबलाय की नकोय?

हा एक फरक पक्का झाला की अर्धं काम झालं. ‘हेझिटेट’ ही घडणारी गोष्ट आहे: माणूस कृतीच्या तोंडाशी येऊन थबकतो. ‘रिलक्टंट’ ही मनाची अवस्था आहे: ते काम करावंसं वाटत नाही. दोन्ही बऱ्याचदा जोडीने येतात म्हणून एकच वाटतात, पण एकमेकींशिवायही त्या सुखाने राहतात.

पोहायला शिकलेली मुलगी पहिल्यांदा उंच फळीवर चढली आहे. तिला उडी मारायचीच आहे, त्यासाठीच तर ती वर आली. तरी टोकाशी येऊन खाली बघितल्यावर ती क्षणभर थबकते. शी हेझिटेट्स. पण ती रिलक्टंट अजिबात नाही. आता उलट बाजू घ्या. मित्राविरुद्ध साक्ष द्यायला बोलावलेला माणूस. नाव पुकारताच उठतो, सरळ पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर न अडखळता देतो. कुठेही एक क्षण वाया गेलेला नाही, आणि तरी हे सगळं त्याला नकोच होतं. ही इज अ रिलक्टंट विटनेस. त्याने हेझिटेट मात्र कुठेच केलेलं नाही.

शंका आली की वाक्यात ‘ग्लॅडली’, म्हणजे आनंदाने, हा शब्द घालून बघा. ‘ही हेझिटेटेड, देन ग्लॅडली अग्रीड’ हे वाक्य ठीक आहे. तो जरा थांबला आणि मग खुशीने हो म्हणाला. ‘ही रिलक्टंटली अँड ग्लॅडली अग्रीड’ हे मात्र टिकतच नाही.

शब्दांची मुळंही हेच सांगतात. ‘हेझिटेट’च्या मागे लॅटिनमधला ‘चिकटणे’ या अर्थाचा धातू आहे, ज्यातून ‘अ‍ॅडहेसिव्ह’ आणि ‘कोहीजन’ आले. जीभ टाळूला चिकटल्यासारखं अडखळणं हा अर्थ लॅटिनमध्येच तयार झाला होता. ‘रिलक्टंट’च्या मागे ‘झोंबी घेणे, झगडणे’ असा धातू आहे. एक चिकटून थांबतो, दुसरा उलट दिशेने ओढतो. ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1888 साली चुंबकीय परिपथात चुंबकीय प्रवाहाला होणाऱ्या विरोधासाठी ‘रिलक्टन्स’ हे नाव सुचवलं, ते याच अर्थाने. लोखंडाच्या गाभ्यात कुणी विचार करत थांबलेलं नसतं. विरोध सतत असतो आणि प्रवाह तरीही जातो. माणसांच्या बाबतीतही ‘रिलक्टंट’ असाच वापरला जातो: विरोध आहे, पण काम बहुधा होतं.

पीटर मार्क रोजे यांनी 1852 मध्ये आपला थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, प्रसिद्ध केला, तेव्हा अनिच्छा आणि अनिश्चय यांना दोन वेगळी शीर्षकं दिली. आजकालच्या ऑनलाइन समानार्थी कोशांत ही भिंत बऱ्याचदा पाडलेली दिसते, आणि नवशिक्यांचा घोळ तिथेच सुरू होतो.

मराठी माणसाला इथे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे ‘संकोच’. हा आपला शब्द फार मोठा आहे. त्यात लाज आहे, भीड आहे, कचरणं आहे, अवघडलेपण आहे. ‘मला तिच्याशी बोलायला संकोच वाटतो’ याचं ‘आय हेझिटेट टु टॉक टु हर’ केलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बोलावं की नाही असा काही विचार चालला आहे. म्हणायचं असतं ते बहुधा ‘आय फील शाय’ किंवा ‘आय फील ऑकवर्ड’. संकोच दिसला की ‘हेझिटेट’ लिहायचं, ही सवय आधी मोडा.

पायरी २: थांबला, पण केव्हा आणि किती वेळ?

आता थांबणाऱ्यांची रांग लावू. नुसता ‘पॉज’ सगळ्यांत कोरा आहे. त्यात मनाचं काहीच नाही. वक्ता पाणी प्यायलाही पॉज घेतो. ‘हेझिटेट’मध्ये मन आलं: करू की नको, बोलू की नको, असा छोटा अडथळा. तो निर्णयाच्या किंवा कृतीच्या आधी येतो आणि बहुतेक वेळा आखूड असतो.

‘वेव्हर’ साधारणपणे निर्णयानंतर येतो. आधी ठरलेलं होतं, आता डळमळायला लागलंय. म्हणून ‘शी नेव्हर वेव्हर्ड’ ही मोठी प्रशंसा आहे: तिने एकदा ठरवलं ते ठरवलं, कितीही दबाव आला तरी मन हललं नाही. याच जागी ‘शी नेव्हर हेझिटेटेड’ म्हटलं तर प्रशंसा वेगळ्या गुणाची होते, झटपट पाऊल उचलण्याची. पहिल्यात निष्ठा आहे, दुसऱ्यात तत्परता. निवड करताना हे लक्षात असू द्या, कारण इथे दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर असतात आणि चूक फक्त अर्थाची होते. ज्योतीसाठी, आवाजासाठी, नजरेसाठीही ‘वेव्हर’ चालतो, कारण मूळ कल्पना हलण्याची आहे.

‘व्हॅसिलेट’ म्हणजे लांबलेली चलबिचल. मन एका टोकाला जातं, तिथून दुसऱ्या टोकाला, पुन्हा पहिल्याला. लॅटिनमध्ये हा शब्द झोकांड्या खाण्यासाठी होता. म्हणून त्याच्यामागे ‘बिट्वीन’ येतं आणि दोन पर्याय लागतात: ‘ही व्हॅसिलेटेड बिट्वीन लॉ अँड मेडिसिन’, वकिली की वैद्यकी यात त्याचं मन हेलकावे खात राहिलं. एका क्षणाच्या थबकण्याला ‘व्हॅसिलेट’ कधीच म्हणू नका. त्याला वेळ लागतो. स्पेलिंगमध्ये सी एक आणि एल दोन.

‘डिदर’मध्ये लेखक त्या माणसावर वैतागलेला किंवा त्याला हसत असतो. निर्णय क्षुल्लक, धांदल मोठी, आणि हाती काही नाही. मंत्रिमंडळ ‘डिदर’ करतंय असं वर्तमानपत्राने लिहिलं तर ती बातमी नसते, टीका असते. स्वतःबद्दल विनोदाने वापरायलाही हा शब्द बरा: ‘आय डिदर्ड फॉर अ वीक’. मुळात हा थरथरण्याचा शब्द. डिजिटल ध्वनी आणि चित्रांच्या क्षेत्रात ‘डिदर’ म्हणजे मुद्दाम मिसळलेला बारीकसा गोंगाट, ज्यामुळे आकड्यांच्या पायऱ्या कानाला किंवा डोळ्याला जाणवत नाहीत. तिथे डिदर उपयोगी असतो, माणसांत क्वचितच.

‘शिली-शॅली’ हे ‘शॅल आय, शॅल आय’ या स्वतःला विचारलेल्या प्रश्नातून तयार झालेलं. आपल्याकडे याला नेमका जोडीदार आहे: तळ्यात-मळ्यात. चिडून बोलताना चालतं, अर्जात नाही.

‘फॉल्टर’ या रांगेत सगळ्यांत शेवटी येतो, कारण तो कृती सुरू झाल्यावरचा आहे. चालता चालता पाऊल अडखळलं, बोलता बोलता आवाज कापला, धीर सुटत चालला. ‘हर व्हॉइस फॉल्टर्ड’ हे इतकं रुळलेलं आहे की तिथे दुसरा शब्द बसवायला जाऊ नका. माणसांपलीकडेही तो जातो: वाटाघाटी फॉल्टर होतात, अर्थव्यवस्था फॉल्टर होते. त्या जागी ‘हेझिटेट’ घातलं तर अर्थव्यवस्था विचारात पडली असं काहीतरी विचित्र चित्र उभं राहतं.

या घोळक्यात ‘अ‍ॅम्बिव्हॅलंट’ उगाच ओढला जातो. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1910 च्या सुमारास ही संज्ञा आणली, तीही एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळी असणाऱ्या परस्परविरोधी भावनांसाठी. म्हणजे ‘मला काही फरक पडत नाही’ असा याचा अर्थ नाही. फरक पडतो, दोन्ही बाजूंनी पडतो, हीच तर अडचण. आणि तो थांबण्याबद्दलही काही सांगत नाही. अ‍ॅम्बिव्हॅलंट माणूस झटकन निर्णय घेऊन वर्षानुवर्षं तसाच अ‍ॅम्बिव्हॅलंट राहू शकतो.

पायरी ३: नकोय, पण किती नकोय?

सगळ्यांत सौम्य ‘डिसइन्क्लाइन्ड’. मन त्या बाजूला कलत नाही, एवढंच. त्यात झगडा नाही, चीड नाही. सभ्य नकारासाठी सोयीचा, जरासा कोरडा शब्द.

मधला आणि सर्वांत उपयोगी ‘रिलक्टंट’. नवशिक्याला एकच शब्द घ्यायचा असेल तर हाच घ्यावा. ‘अनविलिंग’ त्याच्या पुढे एक पाऊल आहे. ‘रिलक्टंट’ माणूस कुरकुरत का होईना तयार होतो. ‘अनविलिंग’ बहुधा होत नाही, किंवा त्याला जबरदस्तीने करायला लावलेलं असतं. बँक कर्ज द्यायला ‘रिलक्टंट’ आहे असं ऐकलं तर पुन्हा जाऊन बोलण्यात अर्थ आहे. ‘अनविलिंग’ आहे असं ऐकलं तर दुसरी बँक शोधावी.

‘लोथ’ या सगळ्यांपेक्षा भावनेने भरलेला. आपलं ‘जिवावर येणं’ याच्या अगदी जवळ बसतं. ‘शी वॉज लोथ टु लीव्ह’, तिथून निघणं तिच्या जिवावर आलं होतं. जुन्या इंग्रजीत हा द्वेषाचा, तिटकाऱ्याचा शब्द होता. तो तिखटपणा आता निवळलाय, पण ‘रिलक्टंट’पेक्षा अजून उरला आहे. शेवटी ई लावला की ‘लोद’ असा उच्चार असलेलं वेगळं क्रियापद होतं, आणि त्याचा अर्थ तिरस्कार करणे. ‘आय अ‍ॅम लोथ टु क्रिटिसाइझ हिम’ आणि ‘आय लोद हिम’ यांच्यात एका अक्षराचं अंतर आहे, आणि हे अक्षर इंग्रजी मातृभाषा असलेलेही हरघडी चुकवतात.

‘अव्हर्स’ मात्र या उतरंडीत नीट बसत नाही, कारण तो एका कामाबद्दल नसून स्वभावाबद्दल असतो. एखादा माणूस आज गाडी चालवायला रिलक्टंट असेल. पण ‘रिस्क-अव्हर्स’ माणूस आजही तसाच असतो आणि पुढच्या वर्षीही. मूळ अर्थ तोंड फिरवलेला. गंमत अशी की हा शब्द सरळ वाक्यात जितका येतो तितकाच नकारात येतो: ‘आय अ‍ॅम नॉट अव्हर्स टु द आयडिया’, म्हणजे मला ती कल्पना बऱ्यापैकी आवडली आहे पण मी तसं उघड म्हणणार नाही. ‘अ‍ॅडव्हर्स’ वेगळा. तो माणसांना लागत नाही, परिस्थितीला लागतो: प्रतिकूल हवामान, औषधाचे अपायकारक परिणाम.

पायरी ४: थांबण्याचं कारण काय?

माझ्या मते इंग्रजी इथे सगळ्यांत श्रीमंत आहे, आणि शिकणारे नेमके इथेच कंजूषपणा करतात. कारण सांगणारा शब्द वापरला तर पुढे दोन वाक्यं स्पष्टीकरणाची लागत नाहीत.

स्वतःवर भरवसा नाही म्हणून मागे राहणारा ‘डिफिडंट’. ‘कॉन्फिडंट’ ज्या विश्वासाच्या लॅटिन शब्दातून आला त्यातूनच हाही आला, फक्त उलटा होऊन. आपला ‘बुजरा’ जवळचा, पण ‘डिफिडंट’मध्ये थोडी सभ्यता आणि नम्रताही मिसळलेली असते, तो नेहमीच दोष नसतो. ‘रेटिसंट’ म्हणजे बोलायला नाखूश, हातचं राखून बोलणारा. ‘रेटिसंट टु जॉइन’ असं ‘रिलक्टंट’च्या जागी वापरलेलं खूप दिसतं आणि काही कोशांनी ते नोंदवलंही आहे, पण काटेकोर वाचकाला ते खटकतं, म्हणून नवशिक्याने हा शब्द जिभेपुरताच ठेवावा. ‘रेटिसंट अबाउट हिज पास्ट’ हे त्याचं घरचं ठिकाण.

धोका ओळखून सावध असणारा ‘वेअरी’. ‘चेअरी’ही तसाच, पण त्यात काहीतरी खर्च होईल, हातून जाईल याची काळजी जास्त: स्तुती करायला, वचन द्यायला, पैसे सोडायला चेअरी. दोन्हींपुढे ‘ऑफ’ येतं.

नैतिक कारणासाठी चार शब्द आहेत. ‘स्क्रूपल’, ‘क्वाम’, ‘कंपंक्शन’ आणि ‘मिसगिव्हिंग’. चारही एकत्र शिकवले जातात, पण पहिले तीन सदसद्विवेकाशी जोडलेले आणि चौथा तितका नाही.

‘स्क्रूपल’चा मूळ लॅटिन अर्थ टोकदार बारीक खडा. चालणाऱ्याच्या पायाखाली टोचत राहावा तसा मनाला टोचणारा. औषधं तोलायच्या जुन्या मापातही ‘स्क्रूपल’ होता, 20 ग्रेनचा, म्हणजे साधारण 1.3 ग्रॅम. या टोचणीत तत्त्व असतं: हे करणं बरोबर नाही असं आधीपासून माहीत असणं. म्हणून ‘अ मॅन विदाउट स्क्रूपल्स’ हा माणसाच्या चारित्र्यावरचा ठपका आहे. ‘क्वाम’ अचानक येणारी अस्वस्थता, पोटात कालवल्यासारखी. जुन्या वापरात तर खरोखरच्या मळमळीला हा शब्द होता. एल लिहायचा, बोलायचा नाही. ‘कंपंक्शन’ बहुतेक वेळा नकारातच भेटतो: ‘विदाउट कंपंक्शन’, जराही अपराधी न वाटता. त्याच्या मुळात टोचण्याचा धातू आहे, ‘पंक्चर’मध्ये असलेलाच.

‘मिसगिव्हिंग’ म्हणजे मनात पाल चुकचुकणं. यात पाप-पुण्याचा प्रश्न नसतो. हे नीट जमणार नाही, यात काहीतरी गडबड आहे, अशी शंका असते. नव्या पुलाच्या आराखड्याबद्दल अभियंत्याला मिसगिव्हिंग्ज असतील. स्क्रूपल्स असतील तर त्याने लाच घेतली आहे का हे तपासावं लागेल.

पायरी ५: ते बाहेर कसं दिसतं?

मनातलं झालं, आता अंगातलं. या भागात घोडे फार आहेत, कारण इंग्रजीने नाखुशीची बरीच भाषा तबेल्यातून आणली. ‘बॉक’ म्हणजे घोडा अडथळ्यापुढे खाडकन थांबतो आणि पुढे जायला नकार देतो. मुळात हा शब्द शेतातल्या न नांगरलेल्या पट्टीचा, म्हणजे बांधाचा. माणूस एखाद्या गोष्टीपाशी ‘बॉक’ करतो तेव्हा तोवर तो चालत आलेला असतो, हे विसरू नका: सगळ्या अटी मान्य केल्या, पण शेवटच्या अटीला बॉक केलं. सुरुवातीपासूनच नाही म्हणणाऱ्याला हा शब्द लागू होत नाही. ‘जिब’ हा त्याचा ब्रिटिश भाऊबंद. ‘शाय’ क्रियापद म्हणून आलं तर घोड्याचं बुजणं. ‘रिकॅल्सिट्रंट’ म्हणजे मागच्या टाचेने लाथ मारणारा, आता हट्टी आणि न जुमानणारा. तो कचरत नाहीच, तो मोडता घालतो.

तोंडाने, पण सौम्यपणे हरकत घेणं म्हणजे ‘डिमर’. भांडण नाही, आवाज चढलेला नाही. ‘तसं नको, असं मला वाटतं’ इतकंच. ‘विदाउट डिमर’ म्हणजे काही हरकत न घेता. जहाज किंवा मालगाडीचा डबा ठरल्या वेळेपेक्षा जास्त अडकवून ठेवल्याबद्दल जो ‘डेमरेज’ आकारतात तो याच कुळातला. मूळ अर्थ रेंगाळणं. शेवटी ई लागला की ‘डिम्युअर’, लाजरीबुजरी, आणि मग अर्थ पार वेगळा.

‘हम अँड हॉ’ म्हणजे का-कू करणं, अं-अं करत राहणं; अमेरिकेत ‘हेम अँड हॉ’ म्हणतात. ‘ड्रॅग वन्स फीट’ म्हणजे मुद्दाम रेंगाळणं, आपली चालढकल. ‘हँग बॅक’ नुसतं मागे राहणं. ‘स्टॉल’ वेळकाढूपणा, यात डावपेच असतो. ‘गेट कोल्ड फीट’ ऐन वेळी कच खाणं. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ उद्यावर ढकलणं, आणि त्याच्या पोटात लॅटिन ‘उद्या’ खरंच बसलेला आहे.

उशीर म्हणजे दर वेळी दुबळेपणा नव्हे, हेही जाता जाता. इसवी सनापूर्वी 217 मध्ये रोमचा सेनानी फेबियस मॅक्सिमस याने कार्थेजचा सेनानी हॅनिबल याच्याशी मोठी लढाई टाळून त्याला दमवण्याचं धोरण धरलं. लोकांनी त्याला ‘कुंक्टाटोर’, म्हणजे वेळ काढणारा, हे नाव दिलं. पुढे तेच गौरवाचं झालं. लंडनमध्ये 1884 साली स्थापन झालेल्या फेबियन सोसायटी या समाजवादी संघटनेने त्याचंच नाव घेतलं. अशा हिशेबी उशिरासाठी ‘हेझिटेट’ किंवा ‘डिदर’ कधी वापरू नका. ‘बाइड वन्स टाइम’ म्हणा.

पायरी ६: मागे-पुढे काय लावायचं?

शब्द बरोबर आणि जोड चुकीची, असं फार होतं. ‘हेझिटेट’, ‘रिलक्टंट’, ‘लोथ’ आणि ‘डिसइन्क्लाइन्ड’ यांच्यापुढे ‘टु’ आणि साधं क्रियापद: ‘हेझिटेट टु आस्क’. मराठीत आपण ‘विचारण्यापासून कचरतो’ असा विचार करून ‘हेझिटेट फ्रॉम आस्किंग’ लिहितो, ते टाळा. ‘अव्हर्स टु’ आणि ‘बॉक अ‍ॅट’ यांच्यापुढे नाम किंवा आयएनजी लावलेलं रूप. ‘वेव्हर’ आणि ‘व्हॅसिलेट’ला ‘बिट्वीन’, ‘डिदर’ला ‘ओव्हर’, आणि ‘क्वाम्स’, ‘स्क्रूपल्स’, ‘मिसगिव्हिंग्ज’ला ‘अबाउट’. हे तिन्ही बहुधा अनेकवचनात.

‘हेझिटेशन’ आणि ‘हेझिटन्सी’ यांत थोडा फरक आहे. पहिलं एका वेळचं थबकणं, दुसरं कल किंवा वृत्ती. म्हणून ‘व्हॅक्सीन हेझिटन्सी’. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये जगाच्या आरोग्यापुढच्या दहा धोक्यांच्या यादीत ही घेतली होती. मात्र लस उपलब्ध असूनही उशीर करणं आणि साफ नकार देणं, दोन्ही या संज्ञेत धरलेलं आहे. रोजच्या ‘हेझिटेट’मध्ये साफ नकार बसत नाही. पारिभाषिक शब्द रोजच्या शब्दापेक्षा रुंद असू शकतो, हे ध्यानात ठेवलं की वैद्यकीय मजकूर वाचताना गोंधळ होत नाही.

पायरी ७: कुणाशी बोलताय?

पत्रात आणि ई-मेलमध्ये हे शब्द अर्थापेक्षा शिष्टाचाराचं काम जास्त करतात. ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टु काँटॅक्ट मी’ यात कुणी कचरत असल्याचा आरोप नसतो. ती ठरीव ओळ आहे, आणि इतकी झिजली आहे की मी ती शक्यतो लिहीत नाही. ‘काही लागलं तर कळवा’ याला साधं ‘लेट मी नो’ पुरतं. ‘आय हेझिटेट टु से धिस, बट’ ही पुढे काहीतरी झोंबणारं येणार याची सूचना. ‘आय अ‍ॅम रिलक्टंट टु’ म्हणजे वरिष्ठांना नाही म्हणायची मऊ रीत. समोरचा इंग्रजी मातृभाषिक असेल तर तो याला बऱ्याचदा पक्का नकार समजतो. तुम्हाला खरोखरच अजून ठरवायचं असेल तर ‘आय हॅव नॉट डिसायडेड’ असं सरळ लिहा.

‘डिदर’, ‘शिली-शॅली’, ‘कोल्ड फीट’ बोलण्यात. ‘डिमर’, ‘डिसइन्क्लाइन्ड’, ‘कंपंक्शन’ लेखनात. ‘रिलक्टंट’, ‘हेझिटेट’, ‘वेअरी’ कुठेही.

पायरी ८: हाताला सवय

एक साधं मराठी वाक्य घ्या, ‘त्याने राजीनाम्यावर सही केली’, आणि त्यात दर वेळी वेगळी गोष्ट घाला. पेन हातात घेऊन क्षणभर थांबला, मग केली: हेझिटेटेड. करायची नव्हती, पण केली: रिलक्टंटली. महिनाभर एक दिवस हो, एक दिवस नाही, मग केली: व्हॅसिलेटेड. कालपर्यंत ठाम होता, सकाळी बायकोशी बोलल्यावर डळमळला, तरी केली: वेव्हर्ड. नाव लिहिता लिहिता हात थांबला: फॉल्टर्ड. सगळी कागदपत्रं दिली, पण शेवटच्या पानावर तारीख घालायला तयार होईना: बॉक्ड. ‘ही भाषा जरा सौम्य करता येईल का,’ एवढंच म्हणाला: डिमर्ड. सही करणं बरोबर आहे का, असं आतून टोचत होतं: क्वाम्स. याने पुढे कंपनीचं नुकसानच होईल असं वाटत होतं: मिसगिव्हिंग्ज.

मग स्वतःची वाक्यं बनवा आणि चांगल्या शिकाऊ शब्दकोशातल्या उदाहरणांशी ताडून बघा. व्याख्येपेक्षा उदाहरणं आधी वाचा. वाचताना यांतला एखादा शब्द भेटला की तो बदलून शेजारचा घालून बघा आणि काय बिघडलं ते एका ओळीत मराठीत लिहा.

या सरावात एक जागा अशी येईल जिथे वरचा कुठलाच शब्द बसणार नाही. त्याला सही करायची नव्हती, तो थांबलाही नाही, भीती नव्हती, तत्त्वाचा प्रश्न नव्हता. समोर बसलेल्या ज्येष्ठ माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून केली. आपल्याकडे ही भीड, आणि असा माणूस भिडस्त. इथे एका शब्दाचा हट्ट सोडा. इंग्रजीत हे वाक्यानेच सांगावं लागतं: ‘ही कुडन्ट ब्रिंग हिमसेल्फ टु से नो’.